व्हिनेगरची बाटली पुन्हा पुन्हा बिघडते? पोट घासण्याआधी तोंड तपासा

लक्षणं

तुमच्या ओट्यावरची व्हिनेगरची बाटली यांपैकी काही करत असेल, तर पुढचं वाचा.

- बाटली तिरकी केली की दोन थेंब येतात आणि धार थांबते. जोरात हलवली की एकदम भसकन पडतं.
- तळाशी तपकिरी किंवा पांढुरका साका बसतो. हलवल्यावर सगळं गढूळ होतं.
- वर सायीसारखा पातळ पडदा येतो, किंवा आत जेलीसारखा बुळबुळीत गोळा लोंबकळतो.
- झाकणाच्या आतल्या बाजूला तांबूस गंज येतो आणि व्हिनेगरला लोखंडाची चव लागते.
- तोंडाशी चिलटं घोंघावतात.
- उजेडात धरल्यावर पृष्ठभागाजवळ केसाहून बारीक धागे वळवळताना दिसतात.
- स्प्रेचा खटका दाबल्यावर परत वर येत नाही.
- नळाच्या बरणीखाली ओल राहते, आणि पुसल्यावर कडप्प्यावर फिकट पांढरं वर्तुळ उरतं.
- धुऊन, वाळवून, नव्याने भरूनही महिन्या-दोन महिन्यांत हेच सगळं परत होतं.

शेवटच्या तक्रारीसाठी हे लिहिते आहे. एकदा बिघडलेली बाटली कोणीही साफ करू शकतं. तीच बाटली चौथ्यांदा बिघडली की माणूस वैतागून व्हिनेगरला दोष देतो आणि चांगला माल मोरीत ओततो.

मी गोव्यात म्हापशाला राहते. आमच्या घरात चार प्रकारचं व्हिनेगर असतं. रेशाद मसाल्याला आणि लोणच्याला माडाचं, सॅलड-नूडल्सला पांढरं, नवऱ्यासाठी सफरचंदाचं, आणि काचा पुसायला लिंबाच्या साली घातलेलं. यांतलं माडाचं सगळ्यांत जास्त सांभाळावं लागतं. रेंदेर, म्हणजे माडावर चढणारा, जी सूर (माडी) उतरवतो, ती आंबून ते बनतं. घरगुती असेल तर ना बारीक गाळलेलं ना तापवलेलं, म्हणजे त्यात जिवाणू जिवंत असतात आणि त्यांना खायलाही भरपूर असतं. शिवाय ते बहुतेक वेळा जुन्या दारूच्या बाटलीतून घरी येतं, आणि त्या बाटलीचं झाकण पत्र्याचं असतं.

स्वतःच्या आणि शेजारपाजारच्या इतक्या बाटल्या मी दुरुस्त केल्या आहेत की आता हातात आल्यावर आधी कुठे पाहायचं ते ठरलेलं आहे. आपण सगळे बाटलीचं पोट घासतो, कारण घाण तिथे दिसते. बिघाड मात्र बहुतेक वेळा तीन ठिकाणी असतो: झाकणात, तोटीत, आणि जुन्या उरलेल्या व्हिनेगरवर नवं ओतण्याच्या सवयीत. म्हणून खालचा क्रम फुकट तपासण्यांपासून सुरू करते आणि खर्चाच्या, जोखमीच्या गोष्टी शेवटी घेते.

पहिली तपासणी: फक्त पाहा

याला एक टॉर्च आणि दोन मिनिटं लागतात. रात्री दिवा मालवून बाटलीच्या मागे टॉर्च धरा. आत जे आहे ते नेमकं काय आहे, हे ठरल्याशिवाय काहीही ओतू नका आणि घासू नका.

साय किंवा जेलीचा गोळा गुळगुळीत, ओलसर, बुळबुळीत असेल, पांढुरका किंवा तपकिरी असेल, तर ती व्हिनेगरची ‘मदर’. अल्कोहोलचं ऍसिटिक ऍसिड (व्हिनेगरला आंबट करणारं आम्ल) करणारे जिवाणू स्वतःभोवती सेल्युलोजचं जाळं विणतात, तेच हे. १८६० च्या दशकात लुई पाश्चर यांनी फ्रान्समधल्या व्हिनेगरचा अभ्यास करून दाखवलं की वाइनचं व्हिनेगर होतं ते याच जिवंत पडद्यामुळे. ती अपायकारक नाही. सफरचंदाच्या महागड्या बाटल्यांवर ‘विथ मदर’ असं अभिमानाने छापतात, आणि तीच गोष्ट माडाच्या व्हिनेगरात दिसली की आपण घाबरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

पण तिची एक खूण लक्षात ठेवा. या जिवाणूंना हवा लागते, म्हणून ती पृष्ठभागावर वाढते. मदर पुन्हा पुन्हा येते आहे, याचा अर्थ बाटलीत हवा जास्त आहे: बाटली अर्धी रिकामी आहे किंवा झाकण सैल आहे. आणि अल्कोहोल संपल्यावर यांतले काही जिवाणू ऍसिटिक ऍसिडच खायला लागतात. त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो, आणि व्हिनेगर हळूहळू मवाळ पडतं. म्हणजे मदर खाण्यापिण्यात आली तर बिघडत नाही, पण अर्ध्या बाटलीत तिला महिनोन्‌महिने वाढू दिली तर आंबटपणा जातो.

वरचा थर कोरडा, केसाळ, लोकरीसारखा असेल, हिरवा, काळा किंवा पांढरे ठिपके-ठिपके असेल, तर ती बुरशी. इथे गाळणं-बिळणं काही नाही. सगळं व्हिनेगर टाका. चांगल्या ताकदीच्या व्हिनेगरात बुरशी सहसा तग धरत नाही. ती आली म्हणजे एकतर व्हिनेगर पातळ झालं आहे किंवा बाटलीच्या गळ्याला पाण्याचे थेंब होते.

तळाचा साका हलवल्यावर धुरासारखा वर येऊन पुन्हा बसत असेल, तर ते मेलेले यीस्ट, जिवाणू आणि मूळ रसातला चोथा. तो गाळून काढता येतो.

बारीक वळवळणारे धागे दिसले तर किळस येते, हे मान्य. ते व्हिनेगरमधले सूत्रकृमी, लांबीला एक ते दोन मिलिमीटर. जिवाणू आणि मदर खाऊन जगतात. रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली सूक्ष्मदर्शकातून पाहून त्यांचं वर्णन छापलं होतं, इतके ते जुने सोबती आहेत. माणसाच्या पोटात ते राहत नाहीत. न गाळलेल्या, न तापवलेल्या व्हिनेगरातच सापडतात. कोणी ते व्हिनेगर टाकलं तर मी अडवत नाही. ठेवायचं असेल तर पुढे तापवण्याची पद्धत दिली आहे.

व्हिनेगरात घातलेला लसूण हिरवा-निळा पडला, हा प्रश्न मला दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतं. लसणातली गंधकयुक्त द्रव्यं आंबटात तशी रंगतात, त्याने काही होत नाही. अट एकच: बाटलीला पितळेचं किंवा तांब्याचं काही लागलेलं नसावं. झाकणावर हिरवी पूड दिसत असेल, तर तो रंग लसणाचा आहे असं समजू नका. ते तांब्याचं क्षार आहे, विषारी आहे, आणि ते व्हिनेगर सरळ टाकायचं.

आणखी एक. साधं पांढरं कृत्रिम व्हिनेगर म्हणजे पाण्यात मिसळलेलं ऍसिटिक ऍसिड. आपल्याकडे बाटलीवर तसं छापावं लागतं. त्यात जिवाणूंना खायला काहीच नसतं, त्यामुळे मदर येत नाही. तुमच्या पांढऱ्या व्हिनेगरात साय आली असेल, तर बाहेरून काहीतरी आत गेलं आहे: आधीच्या बाटलीतला रस, मिरचीचा तुकडा, खरकटा चमचा. तिथे शोध झाकणाचा नाही, तुमच्या भरण्याच्या पद्धतीचा घ्या.

दुसरी तपासणी: तोटीची दुसरी वाट

धार थांबते, ही तक्रार ज्यांची आहे त्यांनी आधी हेच करावं. ओतायच्या तोटीला दोन वाटा असतात. एकीतून व्हिनेगर बाहेर येतं, दुसरीतून हवा आत जाते. दुसरी वाट म्हणजे कडेचं टाचणीएवढं भोक किंवा आत जाणारी बारीक नळी. ती बंद झाली की बाटलीत पोकळी तयार होते आणि व्हिनेगर आतच अडकून बसतं. लोक मोठं भोक घासत राहतात आणि लहान भोक कोणाच्या लक्षातच येत नाही.

सफरचंदाच्या आणि माडाच्या व्हिनेगरात साखरेचा अंश असतो. तोटीवर राहिलेला थेंब सुकला की त्याचा डिंकासारखा थर होतो. तोटी काढून सोसवेल इतक्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा, मग टाचणी किंवा जाड दोरा घातलेली सुई लहान भोकातून आरपार काढा. तोटीवर स्टीलची गोळी किंवा झडप असेल तर ती मोकळी हलते का, हे कानाजवळ हलवून ऐका. नंतर तोटीतून पाणी ओतून पाहा. धार अखंड पडली की काम झालं.

व्हिनेगरात मिरच्या किंवा लसूण घालून ठेवायची सवय असेल, तर त्या बाटलीला तोटी लावूच नका. रुंद तोंडाची बाटली घ्या आणि कोरड्या चमच्याने काढा. मी दोन वर्षं बिया काढत बसले होते, मग हा सोपा उपाय सुचला.

चिलटांचं मूळही इथेच आहे. ती व्हिनेगरच्या वासावर येतात आणि तोंडाशी साचलेल्या चिकट थरावर अंडी घालतात. आपल्या उबेत दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार होते. वाटीत थोडं व्हिनेगर आणि भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एक थेंब टाकून ठेवलं की चिलटं त्यात बुडतात, कारण साबणामुळे पृष्ठभागाचा ताण जातो. पण तोटी दर वापरानंतर ओल्या फडक्याने पुसली नाही, तर ही वाटी आयुष्यभर ठेवावी लागेल.

तिसरी तपासणी: झाकण उलटं करा

झाकण काढा, उलटं करा, आतली चकती नखाने उचलून पाहा. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या पत्र्याच्या झाकणाला आतून गंज चढलेला असतो. ऍसिटिक ऍसिड लोखंड खातं, ऍल्युमिनियम खातं, जस्त खातं, पितळ आणि तांबं खातं. व्हिनेगर झाकणाला लागत नसलं तरी त्याची वाफ लागते, आणि बाटली आडवी ठेवली तर प्रत्यक्ष लागतंच. गंजलेल्या झाकणाखाली हवा आत जाते. मग मदर येते, आंबटपणा जातो. वरची अर्धी लक्षणं या एका चकतीपाशी सुरू होतात.

उपाय स्वस्त आहे: प्लास्टिकचं फिरकीचं झाकण. बाटली फेकायची गरज नाही, त्या मापाचं झाकण दुसऱ्या रिकाम्या बाटलीचं मिळतं. ते मिळत नसेल तर काचेच्या तोंडावर खाद्यपदार्थांसाठीचा प्लास्टिकचा तुकडा ठेवून मग पत्र्याचं झाकण लावा, पण ही तात्पुरती सोय. लाकडी बुचाचा मोह टाळा. बूच व्हिनेगर शोषतं, फुगतं, मग त्याचे कण आत पडतात. रबराचं बूचही कालांतराने चिकट किंवा ताठर होतं. सिलिकॉनचं टिकतं.

चौथी तपासणी: वरून भरता का?

हा प्रश्न मी विचारला की समोरचा जरा थांबतो. कारण सगळेच वरून भरतात. बाटलीत दोन बोटं व्हिनेगर उरलं आहे, नवी बाटली आली, ओतलं. त्या दोन बोटांत साका आहे, मदरचे धागे आहेत, जिवाणूंची पूर्ण वसाहत आहे. नव्या व्हिनेगराला आपण आपल्याच हाताने विरजण लावतो. बाटली कितीही स्वच्छ धुवा, पुढच्या भरणीला हीच चूक केली की महिन्याभरात साय हजर.

म्हणून नियम ठेवा: बाटली पूर्ण रिकामी झाल्याशिवाय, धुतल्याशिवाय आणि वाळल्याशिवाय नवं भरायचं नाही. जुनं उरलेलं वेगळ्या छोट्या बाटलीत काढा आणि आधी ते संपवा. चांगलं असेल तर त्याने नळावरचे पांढरे क्षार निघतात, वाया जात नाही.

आता धुणं. अरुंद गळ्याच्या बाटलीत ब्रश शिरत नाही, आणि शिरला तरी खांद्याची आतली वळणं राहून जातात. दोन चमचे कच्चे तांदूळ, पाव बाटली कोमट पाणी आणि साबणाचा एक थेंब घाला. तोंड हाताने दाबून गोल गोल फिरवा, वर-खाली करा. तांदूळ वळणावळणांत जाऊन थर खरवडतात आणि काचेला ओरखडे पाडत नाहीत. अंड्याचं कवच चुरून घातलं तरी चालतं. वाळू घालू नका. तिचे बारीक ओरखडे राहतात आणि पुढचा थर तिथेच पकडून बसतो. तांदूळ गाळण्यावर ओता, मोरीत गेले तर पाईप तुंबेल.

वास उरला असेल तर एक चमचा खायचा सोडा कोमट पाण्यात विरघळवून अर्धा तास ठेवा आणि नीट धुवा. इथे दोन गोष्टी जपा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालून फेस काढण्याची युक्ती सगळीकडे सांगतात. तो फेस पाहायला बरा वाटतो, पण दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे खारट पाणी उरतं. घासण्यासाठी तांदूळ, वासासाठी सोडा, दोन्ही वेगवेगळ्या वेळी. आणि सोडा-व्हिनेगर आत असताना झाकण कधीही घट्ट लावू नका. वायूचा दाब वाढून काच फुटते.

काचेची बाटली उकळायची असेल तर थंड पाण्यात ठेवून पाण्यासकट तापवा आणि दहा मिनिटं उकळू द्या. थंड बाटलीत उकळतं पाणी ओतलं तर ती तडकते. प्लास्टिकची बाटली उकळू नका.

वाळवण्याकडे लोक दुर्लक्ष करतात. तळाला चार थेंब राहिल्याने अर्धा लिटर व्हिनेगर काही पातळ होत नाही. धोका गळ्याच्या थेंबांचा असतो. भरलेल्या व्हिनेगरच्या वर, काचेला चिकटलेला पाण्याचा थेंब आंबट नसतो, आणि बुरशी तिथे धरते. बाटली उलटी ठेवताना तोंड फडक्यावर सपाट टेकवू नका, वाफ आतच राहते. जाळीवर किंवा दोन पळ्यांवर तिरकी ठेवा, म्हणजे खालून हवा शिरेल. जुलैत आमच्याकडे दोन दिवस लागतात. घाई असेल तर शेवटची विसळ पाण्याने न करता त्याच व्हिनेगरच्या दोन चमच्यांनी करा आणि ते ओतून द्या. मग गळ्याला जे थेंब राहतील ते व्हिनेगरचेच असतील.

भरताना गळ्यापर्यंत भरा. मोठी बाटली अर्धी वापरत ठेवण्यापेक्षा दोन-तीन लहान बाटल्यांत वाटून भरा आणि एकावेळी एकच उघडा. हवा कमी, मदर कमी. बाटलीवर भरल्याची तारीख लिहा.

पाचवी तपासणी: गाळूनही परत येत असेल तर तापवा

हे पहिल्या चार तपासण्या झाल्यानंतरच. त्याआधी केलंत तर मेहनत फुकट जाईल, कारण न धुतलेल्या बाटलीत परत तेच जिवाणू मिळतील.

व्हिनेगर मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा. सूत्रकृमी असतील तर कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळा, वेळ लागतो पण ते अडकतात. मग स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि ७० च्या आत दहा मिनिटं ठेवा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असावा. अंदाजाने केलं तर बहुतेक वेळा उकळतं, आणि उकळल्यावर वास उडतो. ऍल्युमिनियम, पितळ, तांबं, कल्हईचं भांडं, यांतलं काहीही वापरू नका. खिडकी उघडी ठेवा, पातेल्यावर वाकू नका, वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते. थंड झालं की उकळून वाळवलेल्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा.

याने जिवाणू आणि कृमी मरतात, मदर पुन्हा येत नाही. मदरसाठीच सफरचंदाचं व्हिनेगर घेणाऱ्यांनी हे करू नये. त्यांनी लहान बाटली घ्यावी आणि लवकर संपवावी.

सहावी तपासणी: स्प्रे आणि नळ

साफसफाईच्या स्प्रेच्या आत एक स्प्रिंग आणि एक गोळी असते. स्वस्त स्प्रेत स्प्रिंग साध्या पोलादाची असते, ती व्हिनेगरात गंजते आणि खटका अडकतो. वापर झाला की नळी साध्या पाण्यात ठेवून दहा-बारा वेळा दाबा, एवढ्याने स्प्रेचं आयुष्य खूप वाढतं. लिंबाच्या सालींचं व्हिनेगर फडक्यातून गाळल्याशिवाय स्प्रेत भरू नका. सालीचा गर नळीच्या टोकाशी अडकतो आणि आपण पुढचं भोक टोचत बसतो. स्प्रिंग गंजलीच असेल तर दुरुस्त करू नका, स्प्रेचं डोकं बदला.

नळाच्या काचेच्या बरणीत गळती जवळपास नेहमी वायसरमधून असते. बरणी रिकामी करा, नळाचं आतलं नट हाताने सोडवा, दोन्ही बाजूंचे वायसर पाहा. चपटे, भेगाळलेले किंवा चिकट झाले असतील तर सिलिकॉनचे बसवा. एक वायसर काचेच्या आतून आणि एक बाहेरून असायला हवा. नट हाताने जेवढं घट्ट होईल तेवढंच करा. पान्याने आवळलं की भोकाशी काच तडकते, आणि ती तडक भरल्यावर वाढते. नळाचा आतला भाग धातूचा असेल, तर ती बरणी सरबताला द्या, व्हिनेगराला नको.

सातवी तपासणी: भांडंच बदलायचं का?

वरचं सगळं केलं, तरी व्हिनेगर बिघडत असेल किंवा चव बदलत असेल, तर भांड्याकडे संशयाने पाहा.

जुनी चिनीमातीची बरणी आतून जाळीदार भेगांची झाली असेल, झिलई उडाली असेल, तर तिच्यात व्हिनेगर ठेवू नका. भेगांत जे शिरतं ते धुऊन निघत नाही. त्याहून मोठा प्रश्न शिशाचा आहे. जुन्या किंवा रंगीत झिलईत शिसं असू शकतं, आणि ते आंबटात उतरतं. भांड्यातून शिसं निघतं का हे प्रयोगशाळेत तपासतात, ते त्यात चार टक्के ऍसिटिक ऍसिड भरून आणि चोवीस तास ठेवून. म्हणजे जवळजवळ आपलं व्हिनेगरच. आपण तर त्यात ते महिनोन्‌महिने ठेवतो. गोव्यातल्या जुन्या घरांत कपाटात जपलेल्या नक्षीदार क्रिस्टलच्या सुरया असतात, त्यांच्या काचेतही शिसं असतं. त्या शोभेला ठेवा.

आधी काय होतं हे माहीत नसलेली बाटली, विशेषतः रॉकेल, कीटकनाशक किंवा फरशी पुसायच्या द्रवाची, कितीही धुतली तरी खाण्याच्या व्हिनेगराला चालणार नाही. काच दुधाळ झाली असेल आणि ते व्हिनेगरनेही जात नसेल, तर ती तीव्र क्षारयुक्त साबणाने झिजलेली आहे, परत चकचकीत होणार नाही. वापरायला हरकत नाही.

काचेचं घासून बसवलेलं बूच अडकलं असेल, तर बाटलीच्या गळ्याभोवती गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं एक मिनिट गुंडाळा, सांध्यावर तेलाचे दोन थेंब सोडा, आणि हाताला टॉवेल लपेटून हळूच फिरवा. दोनदा करून नाही सुटलं तर सोडून द्या. पक्कड लावून गळा तुटला आणि तळहातात काच गेली, असं आमच्याच आळीत घडलं आहे. टाके पडले होते.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

ब्लीच. व्हिनेगरच्या बाटलीत, तोटीत किंवा बरणीत निर्जंतुकीकरणासाठी ब्लीच घालू नका. बाळाच्या बाटल्यांच्या त्या क्लोरीनच्या गोळ्याही नकोत. व्हिनेगरचा अंश उरलेला असला तरी क्लोरीन वायू सुटतो. चुकून झालंच, आणि घशाला खवखव, डोळ्यांत पाणी, छातीत दाटल्यासारखं वाटलं, तर बाटली तिथेच सोडा. घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर मोकळ्या हवेत या. भांडं उचलायला परत आत जाऊ नका. श्वास लागत असेल तर १०८ ला फोन करा. खोकला थांबला तरी डॉक्टरांना दाखवा, त्रास काही तासांनी वाढू शकतो.

ग्लेशियल ऍसिटिक ऍसिड. स्वस्त पडतं म्हणून हे आणून घरी पाणी घालून व्हिनेगर करणारे मला भेटतात. ते जवळजवळ शुद्ध ऍसिड आहे, साडेसोळा अंशांच्या आसपास त्याचं बर्फासारखं घट्ट होतं, म्हणून हे नाव. ते त्वचा भाजतं आणि डोळा कायमचा निकामी करू शकतं. कृपा करून घरात आणू नका. अंगावर किंवा डोळ्यांत उडालं तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटं धरा आणि सरळ दवाखाना गाठा. त्यावर सोडा चोळू नका.

ओटा. कडप्पा आणि शहाबादी हे चुनखडीचे दगड आहेत, संगमरवरही त्याच जातीचा. व्हिनेगर त्यांना खातं. पांढरं वर्तुळ पडलं असेल तर तो डाग नाही, दगडाची पॉलिश गेलेली आहे. घासून ते जाणार नाही, वाढेल मात्र. तिथे पॉलिशवाला बोलवा, आणि तो येईपर्यंत बाटलीखाली ताटली ठेवा. व्हिनेगर गळत जाऊन स्विचबोर्डमध्ये किंवा मिक्सरच्या तळात गेलं असेल, तर मेन बंद करून वायरमनला बोलवा. स्वतः उघडू नका. ओल सुकली तरी आतल्या तांब्याच्या जोडांवर गंज चालूच राहतो.

आणि आंबटपणा. घरगुती व्हिनेगर वापरून टिकाऊ लोणचं, बालचांव (कोळंबीचं लोणचं) किंवा पर (सुक्या माशाचं लोणचं) करणार असाल, विशेषतः विकणार असाल, तर जिभेच्या अंदाजावर विसंबू नका. आपल्याकडच्या अन्न नियमांत व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के ऍसिटिक ऍसिड असावं लागतं, टिकाऊ लोणच्यांच्या पाककृती बहुधा पाच टक्के धरून लिहिलेल्या असतात, आणि मदर वाढलेल्या अर्ध्या बाटलीत किती उरलं आहे हे जिभेला कळत नाही. कागदाच्या पट्टीने पीएच कळतो, टक्के कळत नाहीत. अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एक सीलबंद नमुना द्या आणि ‘एकूण आम्लता’ तपासून मागा. निकाल हातात येईपर्यंत ते व्हिनेगर रोजच्या आमटीत, कोशिंबिरीत, माशाच्या हुमणात वापरा, बरणीत भरून ठेवायच्या पदार्थात नको.